विंडोज ११चा चेहरा: कुठली गोष्ट कोण रंगवतं आणि त्यातलं काय बदलता येतं

विंडोज ११ वर नोटपॅड उघडा आणि शेजारी दहा-पंधरा वर्षं जुना एखादा प्रोग्रॅम उघडा. कोपरे दोघांचेही गोल दिसतील. पण नोटपॅडच्या वरच्या पट्टीवर वॉलपेपरच्या रंगाची पुसटशी छटा आलेली असेल, मेनू ऐसपैस असतील. जुन्या प्रोग्रॅमच्या आत मात्र तेच दाटीवाटीचे मेनू आणि टूलबारवर तीच जुनी चित्रं. नवा सदरा दोघांनाही मिळालाय, पूर्ण पोशाख एकालाच.

हे असं का, ते कळलं की विंडोज ११च्या दिसण्याबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो. पडद्यावरचं चित्र एकाच हाताने काढलेलं नसतं. प्रत्येक प्रोग्रॅम आपली विंडो जणू स्वतःच्या वेगळ्या कागदावर काढतो. ते कागद एकावर एक रचायचे, त्यांना सावली आणि कडा द्यायच्या आणि शेवटचं चित्र पडद्यावर पाठवायचं, हे काम डेस्कटॉप विंडो मॅनेजर नावाचा घटक करतो. विंडोज व्हिस्टापासून ही पद्धत आहे. टास्कबार, स्टार्ट मेनू, घड्याळाजवळचे आयकॉन, फाइल एक्सप्लोरर हा दुसऱ्या कारागिराचा विभाग, त्याला शेल म्हणतात. आणि विंडोच्या आतलं सगळं प्रोग्रॅम स्वतः काढतो. म्हणून एखादी गोष्ट खटकली की आधी हे कोणी काढलंय ते बघायचं. शेलचं असेल तर बहुधा सेटिंग्जमध्ये काहीतरी सापडतं. विंडो मॅनेजरचं असेल तर फारसं नाही. प्रोग्रॅमचं असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये तासभर शोधूनही हाती काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकू. विंडोज ११ ची पहिली आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ ला आली. त्यानंतर २२एच२, २३एच२, २४एच२, २५एच२ अशा वार्षिक आवृत्त्या आल्या आणि प्रत्येकीत काही ना काही हललं. त्यामुळे २०२१ साली लिहिलेलं परीक्षण आज वाचलं तर त्यातल्या बऱ्याच तक्रारी जुन्या झालेल्या असतात. आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे हे बघायला विंडोज की आणि आर दाबा, चौकटीत ‘winver’ (विनव्हर) टाइप करा आणि एंटर करा.

गोल कोपरे आणि धुरकट काच

गोलाईचं माप ठरलेलं आहे. मुख्य विंडोचे कोपरे ८ पिक्सेलचे, आतल्या बटणांचे आणि चौकटींचे ४ पिक्सेलचे. विंडो पूर्ण पडदाभर मोठी केली किंवा कडेला चिकटवली की कोपरे चौकोनी होतात. हा दोष नाही. दोन विंडो एकमेकींना खेटून लावल्या आणि कोपरे गोलच ठेवले, तर मध्ये वॉलपेपरचे चिमुकले त्रिकोण दिसत राहतील आणि नजर तिथेच अडकेल. कोपरे विंडो मॅनेजर कापतो, म्हणून जुन्या प्रोग्रॅमनेही काही न करता ते मिळतात. सेटिंग्जमध्ये कोपरे चौकोनी ठेवण्याचं बटण नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, विंडोज चालवलं तर कोपरे चौकोनी दिसू शकतात, तिथे तेच अपेक्षित आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडला असं समजून तो पुन्हा टाकत बसू नका.

वरच्या पट्टीवरच्या छटेला मायका म्हणतात. बघायला ती पारदर्शक वाटते, पण मायका पूर्ण अपारदर्शक आहे. विंडोच्या मागे काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. ती वॉलपेपरचा नमुना एकदाच घेते, तो खूप धूसर करते आणि विंडोच्या मागे पसरते. एकदाच घेतल्यामुळे संगणकावर फारसा भार पडत नाही. याची खात्री करायची तर नोटपॅडच्या मागे एखादा व्हिडिओ चालवून बघा, पट्टीवर काहीच हलणार नाही.

दुसरी काच म्हणजे अ‍ॅक्रिलिक. राइट क्लिकचा मेनू, आवाजाची पट्टी अशा थोडा वेळ येऊन जाणाऱ्या गोष्टींना ही काच असते. मागचं चित्र ती खरोखर घेते आणि धूसर करते, म्हणून मागे काही हललं की तिच्यातही हालचाल जाणवते. ही काच महाग आहे, ग्राफिक्सला सतत काम पडतं. सगळीकडे अ‍ॅक्रिलिक न वापरता टिकून राहणाऱ्या विंडोंना मायका दिली, यामागे दिसण्याइतकाच हाही हिशेब आहे.

मायका नाहीशी होते तेव्हा लोक गोंधळतात. बॅटरी सेव्हर चालू झाला, पारदर्शकता बंद केली, ग्राफिक्स हार्डवेअर फार हलकं असलं किंवा ती विंडो सध्या वापरात नसली की तिच्या जागी साधा सपाट रंग येतो. यातलं शेवटचं कारण उपयोगाचं आहे. तीन-चार विंडो उघड्या असताना टाइप केलेलं कुठे उमटणार, हे छटेवरून ओळखता येतं. ज्यांना काचेवरचं अक्षर वाचायला त्रास होतो त्यांनी सेटिंग्ज → अ‍ॅक्सेसिबिलिटी → व्हिज्युअल इफेक्ट्स इथे पारदर्शकता बंद करावी. त्याच पानावर हालचालींचे परिणाम बंद करण्याचं आणि स्क्रोलबार कायम दाखवण्याचं बटण आहे. हे तिसरं बटण चालू करायलाच हवं असं आमचं मत आहे. केसाएवढी बारीक होऊन लपणारी स्क्रोलपट्टी दिसायला नीटनेटकी असेल, पण यादी खाली अजून किती उरलीय हे सांगायचं तिचं मुख्य काम ती करत नाही.

टास्कबार

सगळ्यात जास्त ओरड झाली ती टास्कबारवरून, आणि ती अगदीच निराधार नव्हती. विंडोज ११चा टास्कबार जुन्याची डागडुजी करून बनवलेला नाही, तो बऱ्याच अंशी नव्याने लिहिला गेला. नव्याने लिहिताना जुन्यातल्या अनेक सोयी पहिल्या दिवशी तयारच नव्हत्या. फाइल ओढून टास्कबारवरच्या आयकॉनवर नेणं २२एच२ मध्ये परत आलं. प्रत्येक विंडोचं बटण वेगळं, नावासकट दाखवण्याची सोय परत यायला २०२३ उजाडलं. २०२१ मध्ये टास्कबार वर किंवा बाजूला नेण्याची सोयही गेली. उभा टास्कबार वापरणाऱ्यांना त्याचा मोठा फटका बसला, कारण रुंद पडद्यावर बाजूची जागा मोकळी असते आणि उंचीची मात्र चणचण असते.

उंचीचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. विंडोज १०चा टास्कबार ४० पिक्सेल उंच होता, ११चा ४८. ही मापं स्केलिंगपूर्वीची आहेत; स्केलिंग म्हणजे पडद्यावरचं सगळं ठरावीक टक्क्यांनी मोठं करून दाखवणं. १९२० × १०८० च्या लॅपटॉपवर स्केल १५० टक्के असेल, तर विंडोजच्या लेखी तो पडदा १२८० × ७२० एवढाच असतो. त्या ७२० पैकी ४८ टास्कबारने घेतले म्हणजे जवळपास ६.७ टक्के उंची गेली. विंडोज १० मध्ये हाच आकडा ५.६ च्या आसपास होता. वरून एक्सप्लोररची टॅबपट्टी, पत्त्याची पट्टी आणि आदेशांची पट्टी. लहान पडद्यावर ‘जागा कमी झाली’ असं वाटतं ते मनाचे खेळ नसतात. २०२५ मध्ये टास्कबारची बटणं लहान करण्याचा पर्याय आला, पण त्याने आयकॉन लहान होतात, पट्टीची उंची घटत नाही. उंचीच परत हवी असेल तर टास्कबार आपोआप लपवण्याचा पर्याय वापरा, किंवा स्केल १५० वरून १२५ वर आणून अक्षरं वाचता येतायत का ते बघा.

मधोमध मांडलेल्या आयकॉनांची एक खोड बारकाईने बघा. टास्कबारवर स्टार्ट आणि त्यापुढे पाच आयकॉन आहेत असं समजा. सहावा प्रोग्रॅम उघडला की सगळा गट पुन्हा मध्यावर बसतो, म्हणजे आधीचा प्रत्येक आयकॉन अर्ध्या आयकॉनाएवढा डावीकडे सरकतो. प्रोग्रॅम बंद केला की पुन्हा उजवीकडे. स्टार्ट बटणही या सरकासरकीतून सुटत नाही. वर्षानुवर्षं न बघता कोपऱ्याकडे जाणारा हात नेमका इथे चुकतो. उपाय सोपा आहे: सेटिंग्ज → पर्सनलायझेशन → टास्कबार → टास्कबार बिहेवियर्स, आणि तिथे अलाइनमेंट डावीकडे करा. स्टार्ट कायमचं कोपऱ्यात जाऊन बसतं.

त्याच पानावर बटणं एकत्र करण्याबाबतचा पर्याय आहे. तो ‘नेव्हर’ केला की प्रत्येक विंडोचं वेगळं बटण नावासह दिसतं. हिशेबाच्या चार फाइली एकाच वेळी उघड्या ठेवणाऱ्यांनी हे करावंच. मात्र अरुंद पडद्यावर नावांमुळे पट्टी लवकर भरते आणि उरलेले प्रोग्रॅम तीन टिंबांच्या बटणामागे जातात. प्रोग्रॅम बंद झाला असं समजून तो दुसऱ्यांदा उघडण्याची चूक इथेच होते.

घड्याळाच्या बाजूला दोन बदल आहेत. नेटवर्क, आवाज आणि बॅटरी हे तिन्ही आयकॉन मिळून आता एकच बटण आहे. कुठेही क्लिक करा, क्विक सेटिंग्ज उघडतं. कीबोर्डवरून विंडोज की + ए. सूचना त्यातून वेगळ्या काढून तारखेच्या बटणामागे, कॅलेंडरसोबत ठेवल्यात. त्यासाठी विंडोज की + एन. एखाद्या प्रोग्रॅमचा आवाज तेवढा कमी करायचा असेल किंवा आवाज स्पीकरऐवजी हेडफोनकडे वळवायचा असेल तर विंडोज की + कंट्रोल + व्ही दाबा, थेट मिक्सर उघडतो. नवीन टाकलेल्या प्रोग्रॅमचा छोटा आयकॉन मुळात बाणामागे लपलेला असतो. तो ओढून पट्टीवर आणा किंवा टास्कबार सेटिंग्जमधल्या सिस्टिम ट्रे आयकॉनांच्या यादीत त्याचं बटण चालू करा. घड्याळात सेकंद दाखवण्याचा पर्यायही आहे आणि त्याच्याच शेजारी जास्त वीज लागेल अशी सूचना लिहिलेली आहे. ती खरी आहे. सेकंद दाखवायचा म्हणजे दर सेकंदाला चित्र नव्याने काढायचं, आणि काही काम नसताना डुलकी काढू पाहणाऱ्या प्रोसेसरला दर सेकंदाला उठवायचं.

स्टार्ट मेनू

विंडोज ८ पासून चालत आलेल्या हलत्या टाइल्स गेल्या. २०२१ च्या मेनूत वर पिन केलेल्या आयकॉनांची जाळी होती, एका पानावर ६ स्तंभ आणि ३ ओळी, म्हणजे १८. खाली ‘रेकमेंडेड’ नावाचा भाग, त्यात नुकत्याच उघडलेल्या फाइली आणि नवे प्रोग्रॅम. सगळ्या प्रोग्रॅमची यादी एका बटणामागे, वेगळ्या पानावर. २२एच२ मध्ये आयकॉन एकमेकांवर टाकून फोल्डर करण्याची सोय आली.

२०२५ च्या शेवटाकडे हा मेनू पुन्हा बदलला. आता पिन केलेले आणि सगळे प्रोग्रॅम एकाच लांब पानावर येतात, खाली सरकवत जायचं. पडदा मोठा असेल तर पिनचे ८ स्तंभ मिळतात, लहान असेल तर ६. सगळ्या प्रोग्रॅमची मांडणी यादी, जाळी किंवा वर्गवारी अशा तीन प्रकारे बघता येते. वर्गवारी विंडोज स्वतः करतं. एका प्रकारचे किमान तीन प्रोग्रॅम असले तरच त्यांचा वेगळा गट होतो, नाहीतर ते ‘इतर’ मध्ये पडतात. म्हणून चित्रं सुधारायचे दोनच प्रोग्रॅम असतील तर ते भलतीकडे सापडतात. आमचा कल यादीकडे आहे. अक्षरक्रम कधी दगा देत नाही.

रेकमेंडेड नको असेल तर सेटिंग्ज → पर्सनलायझेशन → स्टार्ट. पण तिथल्या बटणाचं नाव पूर्ण वाचा. स्टार्टमधल्या शिफारशी, एक्सप्लोररमधल्या अलीकडच्या फाइली आणि टास्कबारवर राइट क्लिक केल्यावर येणाऱ्या याद्या, या तिन्हींना ते एकच बटण आहे. स्टार्ट स्वच्छ करायला ते बंद करायचं आणि दोन दिवसांनी एक्सप्लोररमधली अलीकडच्या फाइलींची यादी कुठे गेली म्हणून शोधायचं, असं हमखास होतं.

राइट क्लिकचे दोन मेनू

फाइलवर राइट क्लिक केलं की आखूड, मोकळा मेनू येतो, आणि तळाशी ‘शो मोअर ऑप्शन्स’. त्यावर क्लिक केलं की जुना लांबलचक मेनू. सगळ्यांना पडणारा प्रश्न असा की दोन मेनू ठेवायचेच कशाला?

जुन्या मेनूत कुठलाही प्रोग्रॅम आपली ओळ घुसवू शकत होता. वर्षानुवर्षं हे चालत आलं. फाइल दाबून लहान करणारे प्रोग्रॅम, अँटिव्हायरस, व्हिडिओ प्लेअर, प्रत्येकाने आपापली भर घातली आणि कट-कॉपीसारख्या रोजच्या आज्ञा माऊसच्या टोकापासून लांब खाली ढकलल्या गेल्या. त्याहून वाईट म्हणजे या ओळींमागचा कोड एक्सप्लोररच्या आतच चालायचा. त्यातला एक अडकला की अख्खा एक्सप्लोरर अडकायचा, आणि दोष विंडोजला जायचा. नव्या मेनूत ओळ हवी असेल तर प्रोग्रॅमला नवी, नोंदणीकृत पद्धत वापरावी लागते. एका प्रोग्रॅमच्या एकाहून जास्त आज्ञा असतील तर त्या एका उपमेनूत जातात. ज्यांनी ही पद्धत घेतलेली नाही त्यांच्या ओळी चालू राहाव्यात म्हणून जुना मेनू मागे ठेवलाय. तुमच्या आवडत्या प्रोग्रॅमची ओळ नव्या मेनूत नसेल तर आधी त्याची ताजी आवृत्ती टाकून बघा, कारण ती ओळ आणण्याचं काम प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचं आहे.

जुना मेनू थेट हवा असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, किंवा फाइल निवडून शिफ्ट + एफ१०. एवढं सवयीचं झालं तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, हात घालायची गरज उरत नाही.

नव्या मेनूत कट, कॉपी, पेस्ट, नाव बदलणं, शेअर आणि डिलीट या आज्ञा आयकॉनांच्या आडव्या ओळीत आहेत. ही ओळ माऊसच्या टोकाजवळ यावी असा हेतू आहे. म्हणून पडद्याच्या वरच्या भागात क्लिक केलं तर ती मेनूच्या माथ्यावर येते, आणि खालच्या भागात क्लिक करून मेनू वरच्या दिशेला उघडला तर ती तळाशी. हिशेबाने बरोबर आहे, हाताला मात्र कटकट, कारण एकच आज्ञा दोन जागी सापडते. पहिल्या आवृत्त्यांत नुसती चित्रं होती, २४एच२ पासून त्यांच्याखाली नावं दिसू लागली. नुसत्या चित्रावरून नाव बदलायचं आणि शेअर करायचं बटण ओळखणं कठीणच होतं. त्यापेक्षा एफ२ दाबून नाव बदलणं आणि कंट्रोल + शिफ्ट + सी दाबून फाइलचा पूर्ण पत्ता कॉपी करणं लक्षात ठेवलं तर मेनू उघडावाच लागत नाही.

फाइल एक्सप्लोरर

वरची जाडजूड रिबन जाऊन तिथे आयकॉनांची एक पट्टी आली. निवडलेल्या फाइलच्या प्रकारानुसार या पट्टीवरची बटणं बदलतात, त्यामुळे काल दिसलेलं बटण आज नसेल तर निवडलेली फाइल बघा. २०२२ च्या शेवटी टॅब आले: नवीन टॅबसाठी कंट्रोल + टी, बंद करायला कंट्रोल + डब्ल्यू, आणि फोल्डरवर माऊसचं मधलं चाक दाबलं की ते नव्या टॅबमध्ये उघडतं. एका टॅबमधून दुसऱ्यात फाइल न्यायची तर ती ओढून टॅबच्या नावावर धरून ठेवा, टॅब उघडला की मग खाली सोडा. थेट नावावर सोडायची घाई करू नका. फाइल भलत्या फोल्डरमध्ये गेलीच तर कंट्रोल + झेड.

ओळींमधली जागा वाढली ती बोटाने स्पर्श करणाऱ्यांसाठी. माऊस वापरत असाल तर व्ह्यू मेनूत ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’ चालू करा, ओळी विंडोज १० इतक्या जवळ येतात. शेकडो फाइलींच्या फोल्डरमध्ये याने बराच फरक पडतो आणि हा पर्याय अनेकांना ठाऊकच नसतो.

विंडो मांडणं, आणि तुमच्याकडे तीन रकाने का नाहीत

विंडोच्या मोठं करण्याच्या बटणावर माऊस नुसता थांबवला की मांडणीचे नमुने दिसतात: दोन अर्धे, एक मोठा एक लहान, चार चौकोन. कीबोर्डवरून विंडोज की + झेड आणि मग नमुन्याचा आकडा. विंडो ओढत पडद्याच्या वरच्या कडेला नेली तरी तीच पट्टी उतरते. एका मांडणीतल्या विंडो गट म्हणून लक्षात ठेवल्या जातात आणि अल्ट + टॅबमध्ये एकत्र परत येतात.

मोठ्या मॉनिटरवर तीन समान रकान्यांचा नमुना दिसतो आणि लॅपटॉपवर नाही, याचं कारण पुन्हा स्केलिंग. तीन रकाने स्केलिंगनंतर किमान १९२० पिक्सेल रुंदी उरली तरच मिळतात; प्रत्येकाला ६४० येतात. वर बघितलेला लॅपटॉप स्केलिंगनंतर १२८० चाच उरतो. त्याचे तीन भाग केले तर एकाला सव्वाचारशे पिक्सेल येतील, आणि प्रोग्रॅमने निदान ५०० पर्यंत आक्रसावं एवढीच अपेक्षा विंडोज ठेवतं. त्यापेक्षा अरुंद व्हायला नकार देणारा प्रोग्रॅम शेजारच्या विंडोवर चढून बसेल. स्केल १०० टक्के केलं की त्याच लॅपटॉपवर तीन रकाने हजर होतात, फक्त अक्षरं मुंगीएवढी.

काही प्रोग्रॅमवर बटणापाशी थांबूनही नमुने उघडत नाहीत. असे प्रोग्रॅम वरची पट्टी स्वतःच काढतात आणि मोठं करण्याचं बटण नेमकं कुठे आहे हे विंडोजला कळवत नाहीत. तिथेही विंडोज की + झेड किंवा विंडोज की आणि बाण चालतात. उलट, माऊस बटणावरून गेला तरी पट्टी उघडते याचा वैताग येत असेल तर सेटिंग्ज → सिस्टिम → मल्टिटास्किंगमध्ये स्नॅप विंडोज उघडून तेवढाच पर्याय बंद करा. लॅपटॉपला मॉनिटर जोडणाऱ्यांनी सिस्टिम → डिस्प्ले → मल्टिपल डिस्प्लेज इथे, विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय चालू आहे ना ते बघावं. तो असेल तर वायर काढून पुन्हा लावल्यावर विंडो आपापल्या मॉनिटरवर परततात.

अक्षर आणि अंधार

विंडोजचं रोमन अक्षर आता सेगो यूआय व्हेरिएबल. एकाच फॉन्टमध्ये जाडी आणि आकारानुसार वळण दोन्ही बदलतात: ८ पॉइंटला अक्षरं जरा रुंद आणि मोकळी, ३६ पॉइंटच्या मथळ्यात तीच घट्ट आणि रेखीव. देवनागरी या फॉन्टमध्ये नाही. फाइलचं नाव मराठीत असेल तर ते निर्मला यूआय या वेगळ्या फॉन्टमध्ये दिसतं, म्हणून मराठी आणि रोमन नावं एकाखाली एक आली की वजनात किंचित फरक जाणवतो.

एखादा जुना प्रोग्रॅम तेवढाच धुरकट दिसत असेल तर त्याला स्केलिंग कळत नाही. विंडोज त्याचं तयार चित्र ताणून मोठं करतं. त्याच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी टॅबवर हाय डीपीआयची सेटिंग्ज उघडा, ओव्हरराइड निवडा आणि ‘सिस्टिम (एनहान्स्ड)’ करून बघा. बऱ्याच प्रोग्रॅमची अक्षरं सुधारतात, काहींची मांडणी मात्र विस्कटते, मग पुन्हा मूळ पर्यायावर या. नुसती अक्षरंच मोठी हवी असतील तर अ‍ॅक्सेसिबिलिटीतला टेक्स्ट साइझचा सरकपट्टा २२५ टक्क्यांपर्यंत जातो आणि बाकी मांडणीला फारसा धक्का लावत नाही.

डार्क मोड पर्सनलायझेशन → कलर्समध्ये. ‘कस्टम’ निवडलं तर टास्कबार गडद आणि प्रोग्रॅम उजळ अशी विभागणी करता येते. टास्कबारला आवडीचा रंग देण्याचं बटण अनेकांना निष्क्रिय दिसतं, कारण विंडोजचा मोड उजळ असताना ते चालतच नाही. कस्टममध्ये विंडोज मोड डार्क करा, बटण जागं होतं. रजिस्ट्री एडिटर किंवा कंट्रोल पॅनेल उघडल्यावर अंधारात एकदम पांढरा प्रकाश पडतो, त्याचं कारण लेखाच्या सुरुवातीचंच. त्या विंडो जुन्या पद्धतीने काढलेल्या आहेत आणि तुमच्या सेटिंगपर्यंत त्यांचे कानच पोचत नाहीत.

शेजारच्याकडे आहे, माझ्याकडे नाही

एकच आवृत्ती, एकच अपडेट, तरी एका संगणकावर नवा स्टार्ट मेनू आणि दुसऱ्यावर जुना, असं घडतं. नवी गोष्ट अपडेटमधून सगळ्यांच्या डिस्कवर पोचते, पण चालू टप्प्याटप्प्याने केली जाते, म्हणजे बिघाड निघालाच तर थोड्याच जणांना भोवतो. २५एच२ हे याचं टोकाचं उदाहरण: २४एच२ चं ताजं अपडेट घेतलेल्या संगणकावर तिचा बराचसा भाग आधीच येऊन पडलेला असतो, नवी आवृत्ती म्हणजे जवळपास एक छोटी किल्ली. घाई असेल तर विंडोज अपडेटच्या पानावर नवे बदल मिळताच घेण्याचं बटण आहे. कामाच्या संगणकावर ते बंदच बरं.

अपडेटनंतर टास्कबार गायब झाला किंवा स्टार्ट उघडेनासं झालं, तर सगळा संगणक पुन्हा सुरू करण्याआधी कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ करा. पडदा क्षणभर रिकामा होईल आणि टास्कबार परत येईल. उघडे दस्तऐवज तसेच राहतात, फक्त एक्सप्लोररच्या विंडो बंद होतात आणि चालू असलेली फाइलींची कॉपी तुटू शकते. टास्कबार पुन्हा पुन्हा येऊन जात असेल तर जुना टास्कबार किंवा जुना स्टार्ट मेनू आणणारं एखादं उपकरण टाकलंय का ते आठवा. असे प्रोग्रॅम एक्सप्लोररच्या आत शिरून त्याच्या अंतर्गत रचनेवर विसंबून काम करतात, आणि अपडेटने ती रचना हलली की एक्सप्लोररला सोबत घेऊन कोसळतात. टास्क मॅनेजर टास्कबारशिवायही उघडतो. तिथून नवीन टास्क सुरू करून कंट्रोल पॅनेल उघडा आणि ते उपकरण काढून टाका. वार्षिक अपडेटच्या आधीच ते काढायचं आणि त्याच्या निर्मात्याने नवी आवृत्ती दिली की परत टाकायचं, म्हणजे ही वेळ येत नाही.